धाकट्या साहेबांचं माप

अप्पा भित्रे होते असं पेटेतले लोक अजून म्हणतात. माझे अप्पा भित्रे असते, तर पोलीस एक रक्ताळलेला शर्ट घेऊन दुकानोदुकानी फिरत होते तेव्हा त्यांनीही इतरांसारखे कानावर हात ठेवले असते. पण शेजारच्या शिंप्याने शर्ट उलटापालटा केला आणि बाजारातला तयार माल दिसतो म्हणून परत दिला. ते ऐकून अप्पांच्या डोक्यात तिडीक गेली. हातातली कात्री खाली ठेवून त्यांनी पोलिसांना वर बोलावलं आणि सांगितलं, शर्ट माझ्या हातचा आहे, तयार माल म्हणणाऱ्याने डोळे तपासून घ्यावेत. एवढ्यावरून सगळं सुरू झालं. कर्म आमचं, दुसरं काय.

आमचं दुकान बेंगळुरूच्या जुन्या पेटेत, जिन्याने वर, दोन खोल्यांचं. पुढे दुकान, मागे आम्ही दोघं. आई मी शाळेत असतानाच गेली. आमचे लोक तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, जिना उतरला की कन्नड. नव्वदीच्या त्या वर्षांत पुण्याहून आलेली कंप्युटरवाली मुलं पँट आखूड करून घ्यायला यायची आणि माझं "स्वल्प थांबा अण्णा" ऐकून एकमेकांकडे बघून हसायची. हसा मेल्यांनो. त्यांच्या पँटी मी मुद्दाम एक दिवस उशिरा द्यायची.

अप्पा कापड बेतायचे आणि मशीन चालवायचे. बटणांची काजं माझ्याकडे, सगळी हाताने. पोलिसांनी शर्ट टेबलावर पसरला तेव्हा मी रक्ताकडे पाहिलं नाही, काजांकडे पाहिलं. सर्वांत खालचं काज आडवं होतं आणि दोन्ही टोकांना एकेक जास्तीचा टाका होता. माझीच खोड ती. त्यामुळे मला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

काजांखेरीज माझं दुसरं काम म्हणजे मापं लिहिणं. अप्पा टेप लावून आकडा बोलायचे, मी वहीत उतरवायची. यात आमची एक रीत होती, पणजोबांपासूनची. ते म्हणे राजवाड्यातल्या लोकांचे कपडे शिवायचे. मोठ्या माणसाचं पोट चारचौघांत, नोकरांच्या देखत, खरं मोजून बोलायचं नाही. दोन इंच कमी बोलायचं. लिहिणाऱ्याने दोन इंच वाढवून लिहायचं. कपडा अंगाला बरोबर बसतो आणि साहेबांच्या कानाला बरं वाटतं. छाती, खांदा, बाही, सगळं खरं. फक्त पोट खोटं. साध्या गिऱ्हाइकाला ही सवलत नव्हती, त्याचं पोट असेल तेवढं मोठ्याने. मी बारा वर्षांची होते तेव्हापासून हे लिहीत आले. विचार करायला लागायचं नाही, कान चव्वेचाळीस ऐकायचा आणि हात सेहेचाळीस लिहायचा. सरकारातल्या निम्म्या पोटांची खरी मापं त्या काळी माझ्या अक्षरात होती, आणि त्याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू.

वहीत मोठ्यांची नावं लिहायची नाहीत हाही नियमच. पानाच्या माथ्यावर घराची खूण, खाली मापं. ज्या घराची ही गोष्ट आहे त्या पानावर मी नुसतं 'बंगला' लिहिलं होतं. बंगल्याचे मालक दारूच्या ठेक्यांवर मोठे झालेले. निवडणुकीआधी सगळ्या पक्षांचे लोक तिथे जेवायला असायचे. मालक स्वतः आमच्याकडे शिवत नसत, पण त्यांचा धाकटा मुलगा शिवायचा. धाकटे साहेब म्हणायचे त्याला. आणि बंगल्याच्या ड्रायव्हरचे पांढरे गणवेशही आमच्याकडेच. म्हणून त्या पानावर दोन मापं होती, एकाखाली एक. वरचं धाकट्या साहेबांचं, पोट सेहेचाळीस. खालचं ड्रायव्हरचं, पोट चव्वेचाळीस. दोघं अंगाने सारखेच, उंचीलाही सारखे, फरक काय तो त्या दोन इंचांचा. साहेबांचं माप गालिच्यावर उभं करून घेतलं होतं, ड्रायव्हरचं गॅरेजपाशी. ड्रायव्हर हसत होता. अक्का, पोट जरा वाढवूनच धरा, बायको रागीचे मुद्दे, नाचणीचे हे एवढाले गोळे, खाऊ घालून घालून फुगवते, असं म्हणाला होता.

त्या बंगल्यात टेलिफोनवर बसायला एक मुलगी होती. ती शहराबाहेरच्या त्यांच्या फार्महाऊसकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मेलेली सापडली. मारलेली. बंगल्याच्या गाडीच्या डिकीत तो शर्ट मिळाला. दोन दिवसांत ड्रायव्हरला उचललं, आणि चौथ्या दिवशी त्याने गुन्हा कबूल केला. कसा कबूल केला ते पेटेत शेंबडं पोरही सांगेल. धाकटे साहेब म्हणे त्या संध्याकाळी फार्महाऊसवर नव्हतेच. पण वर्तमानपत्रांनी विषय सोडला नाही, विधानसभेत आरडाओरडा झाला, रस्त्यावर मोर्चे निघाले. तेव्हा सरकारने जाहीर केलं की काहीही झाकून ठेवलं जाणार नाही. निवृत्त न्यायाधीशांची चौकशी बसवली. सुनावणी उघड्या दाराने, कोणीही यावं, बसावं, ऐकावं. हॉलबाहेर कर्णे लावले होते, आत न मावलेल्यांसाठी.

ड्रायव्हरची बायको यशवंतपूरच्या घाऊक बाजारात कांदे निवडायची. पोलिसांनी आमची वही नेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. कन्नडात बोलली, थोडंच बोलली. तिने ऐकलं होतं की शर्ट कोणाच्या अंगावर बेतला ते आम्हाला ठाऊक आहे. ते आम्ही सांगितलं की तिचा नवरा सुटेल, असं वकील म्हणत होता. अप्पांनी तिला बसायला स्टूल दिलं, मला कॉफी करायला सांगितली आणि म्हणाले, आहे ते सांगणार. ती कॉफी न पिता गेली. अप्पांच्या पाया पडून गेली, आणि मला ते आवडलं नाही. देवाच्या ठिकाणी बसायची आम्हाला हौस नव्हती.

आणि खरं सांगते, अप्पांनी सांगितलं. पहिल्या सुनावणीत उभं राहून त्यांनी शर्टाचा घेर मोजून दाखवला, त्यातून ढिलाईचं कापड वजा केलं आणि म्हणाले, हा सेहेचाळीस पोटावर बेतलेला शर्ट आहे. वहीतलं वरचं माप सेहेचाळीस आहे, आणि ते धाकट्या साहेबांचं आहे. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. ड्रायव्हरची बायको भिंतीशी उभी होती, तिने पदर तोंडाला लावला.

मग बंगल्याचा वकील उठला. अगदी गोड बोलला. म्हणाला, वृद्ध गृहस्थ आहेत, शेकडो लोकांचे कपडे शिवतात, चूक होऊ शकते. पानावर नाव आहे का? नाही. मग वरचं माप ड्रायव्हरचं आणि खालचं आमच्या अशिलाचं नाही कशावरून? साहेबांचे जुने शर्ट नोकर घालतात म्हणावं तर तसंही नाही, हा ड्रायव्हरने स्वतःसाठीच शिवून घेतलेला असणार. आणि वाद कशाला घालायचा, दोघंही जिवंत आहेत, सर्वांसमोर माप घ्या. याच शिंप्याने घ्यावं. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही.

न्यायाधीशांना ती कल्पना फार पसंत पडली. लोकांना उघड कारभार हवा आहे ना, म्हणाले, मग लोकांनी डोळ्यांनी पाहावं. आठवड्यानंतरचा दिवस ठरला.

त्या आठवड्यात बंगल्याचा मॅनेजर दुकानात आला. अय्यो, आता धमक्या देणार, असं मला वाटलं. पण तो धमकीचं अक्षर बोलला नाही. कॉफी प्यायला. धाकट्या साहेबांचं लग्न ठरतंय म्हणाला, कोट तुम्हीच शिवायचा, बाहेरच्या कोणाला देणार नाही. अप्पांनी बरं म्हटलं. एवढंच. ह्यापलीकडे काही झालं असेल तर ते मला माहीत नाही, आणि अप्पा आता सांगायला नाहीत.

मापाच्या दिवशी हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. लोक शेंगा खात बसले होते. फोटोवाले सगळ्यांत पुढे. अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, गळ्यात टेप. मला टेबलाशी बसवलं, समोर कोरा सरकारी कागद. अप्पांना मापं मराठीतच बोलायची सवय, म्हणून ठरलं की त्यांनी आकडा आधी मराठीत आणि मग कन्नडात बोलायचा, मी लिहायचा, आणि कागद न्यायाधीशांकडे द्यायचा. त्या मुलीबद्दल त्या दिवशी कोणी चकार शब्द काढला नाही. पाचशे माणसं दोन पोटांबद्दल बोलत होती.

आधी ड्रायव्हरला आणलं. मी ओळखलंच नाही त्याला. आठ महिन्यांत माणूस वाळून चिपाड झाला होता, दोन बोटांची नखं नव्हती. माझ्याकडे बघून तो हसला, आता सगळं नीट होणार अशा भरवशाने हसला. अप्पांनी टेप लावला. पोट अडतीस. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. वकील लगेच म्हणाला, कोठडीत माणूस उतरतो, आठ महिन्यांपूर्वी हे किती होतं ते आज कोणी सांगू शकत नाही. खरंच होतं ते, वहीशिवाय सांगणारं कोणी नव्हतं.

मग धाकटे साहेब आले. रेशमी शर्ट, अत्तराचा वास, चेहऱ्यावर कंटाळा. अप्पांनी वाकून नमस्कार केला, सवयीने. छाती घेतली, बोलले. खांदा, बाही, गळा. मी लिहीत गेले. मग पोटाशी वाकले. त्यांची पाठ हॉलकडे होती. आकडा ऐकायला पाचशे माणसांनी श्वास धरला होता, टेपवर काय दिसतंय ते बघायला एकही पुढे आला नाही. सरकारने ड्रायव्हरला दिलेला वकीलसुद्धा जागेवर बसून पेन्सिल चावत होता.

"चव्वेचाळीस," अप्पा म्हणाले. मग तेच कन्नडात म्हणाले, आणि टेप गुंडाळला.

माझी पेन्सिल कागदावर टेकलेली होती. हात आपणहून सेहेचाळीस लिहायला निघाला आणि मी तो धरला. बारा वर्षं न चुकता चाललेला हात मी त्या एका दिवशी धरला. हॉलमध्ये गलका सुरू झाला होता, चव्वेचाळीस, चव्वेचाळीस, म्हणजे खालचं माप साहेबांचं, म्हणजे वरचं ड्रायव्हरचं. मी सेहेचाळीस लिहिलं तर न्यायाधीश विचारणार, शिंपी बोलला एक आणि तू लिहिलंस एक, असं कसं? मग मला उठून सांगावं लागणार की आम्ही मोठ्यांची पोटं चोरून बोलतो. पिढ्यान्‌पिढ्या. फोटोवाले आहेत, उद्या छापून येईल, उद्यापासून एकही मोठं घर आमच्याकडे शिवणार नाही. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. ड्रायव्हर आला नाही. चार हातांवर उभा होता तो, माझ्याकडेच बघत होता, आणि माझ्या डोक्यात दुकान आलं. वाटलं, अप्पांनीच चव्वेचाळीस म्हटलंय, त्यांच्या मनात काहीतरी असेल, आपण कोण? मी चव्वेचाळीस लिहिलं आणि कागद दिला.

न्यायाधीशांनी तो मोठ्याने वाचला. दोन्ही वकिलांना दाखवला. शिंप्याला काही सांगायचं आहे का, असं विचारलं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणाले. न्यायाधीशांनी आमचे आभार मानले.

घरी आल्यावर अप्पांनी सदरा काढून खुंटीला लावला, आणि माझ्याकडे न बघता बोलले.

"मी सवयीने बोललो. तू सेहेचाळीसच लिहिशील म्हणून मी गप्प राहिलो. त्यांनी विचारलं असतं, तर कागदावरचं खरं आहे म्हणून सांगणार होतो. तू चव्वेचाळीस का लिहिलंस?"

मी ओरडले. मग कागद वाचला तेव्हा तोंडाला काय झालं होतं, तेव्हा दातखीळ बसली होती का, असं वाट्टेल ते बोलले. अप्पा म्हणाले, तू लिहिलंस म्हणजे तुझा तसा विचार ठरलाय असं मला वाटलं. तुझं लग्न व्हायचंय अजून, मला वाटलं तू घराचा विचार केलास. मी म्हटलं, सवयीने बोललात तर कन्नडात पुन्हा तेच कसं बोललात? त्यावर ते पुढे दुकानात जाऊन मशीनवर बसले. ते खरं बोलत होते की आपलं पाप माझ्या पदरात टाकत होते, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढे ते अकरा वर्षं जगले. मी किती वेळा विचारलं, पण त्यांनी तोच एक जबाब दिला.

दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगता आलं असतं. तिसऱ्या दिवशीही आलं असतं. आम्ही दोघं मूग गिळून बसलो. दुकान उघडत होतो, गिऱ्हाईक बघत होतो, जेवत होतो. जेवण जात नाही वगैरे म्हणतात, तसं काही नसतं. व्यवस्थित जातं.

अहवाल विधानसभेत ठेवला गेला, तो सगळा छापून. एक ओळसुद्धा गाळली नाही, याचं सरकारला फार कौतुक. विरोधकांनीही बाकं वाजवली म्हणे. ज्यांनी मोर्चे काढले होते तेही निवांत झाले, कारण त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. माझा कागद अहवालाच्या शेवटी जोडलेला आहे, माझ्या अक्षरात. कोणालाही बघायला मिळतो. धाकट्या साहेबांचं नाव मोकळं झालं, आणि कोर्टाने ड्रायव्हरला जन्मठेप दिली.

मग कोटाचं माप घ्यायला आम्ही बंगल्यावर गेलो. हो, गेलो. अप्पा पोटाशी वाकून चव्वेचाळीस म्हणाले आणि मी नव्या वहीत सेहेचाळीस लिहिलं. कोट अंगाला बसायला हवा होता ना.

त्याची काजं घालत होते तेव्हा ड्रायव्हरची बायको आली. शनिवार होता, जेलमधल्या भेटीचा दिवस. हातात पितळी डबा, फडक्यात बांधलेला. अप्पा धागे आणायला खाली गेले होते. ती उंबऱ्यातच उभी राहिली. शिक्षा झाल्यापासून बाजारात तिला कोणी कामाला उभं करत नव्हतं, सासरच्यांनी नाव टाकलं होतं, मुलीला शाळेत पोरं काहीबाही बोलत होती. नवरा दर भेटीत जाळीपलीकडून एकच सांगायचा, मी नाही केलं, वरचं माप माझं नव्हे. ती विश्वास ठेवत आली होती. आता तिला कळेना.

"अक्का, मला वाचता येत नाही," ती म्हणाली. "कोर्टाचं मला काही कळत नाही. तुम्ही तुमच्या हाताने लिहिलंत. तुम्ही सांगाल ते मी खरं मानीन. तो शर्ट माझ्या नवऱ्याच्या मापाचा होता का?"

कोट माझ्या मांडीवर होता. मला भीती वाटली, ही आता खाली जाऊन ओरडेल, वकिलाकडे जाईल, पुन्हा सगळं उकरलं जाईल. पण नुसती भीती नव्हती. मला तिचा राग आला. इतकी गर्दी होती त्या हॉलमध्ये, इतके शिकलेले लोक, आणि हिला विचारायला मीच सापडले. तिच्या त्या भरवशाचा राग आला. असा राग मला आयुष्यात पुन्हा कोणाचा आला नाही.

"हो," मी म्हटलं. "त्याच्याच मापाचा होता."

ती "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि वळली. मी खिडकीशी गेले. जेलकडे जाणारी बस डाव्या हाताला लागायची. ती उजवीकडे गेली, यशवंतपूरच्या बसकडे, डबा तसाच हातात घेऊन.

पुढे जेलमधला एक शिपाई आमच्याकडे गणवेश शिवायला यायला लागला. बडबड्या माणूस, माप देतानाही तोंड चालू. त्याच्याकडून मला सगळं कळत गेलं. तो ड्रायव्हर दर शनिवारी सकाळी दाढी करून, केस विंचरून भेटीच्या जाळीपाशी बसतो, आणि दुपारी दार लावतात तेव्हा उठून आत जातो. त्याचं नाव पुकारलं जातच नाही. पहिल्या वर्षी तो शिपायांना विचारायचा, यादीत बघा, चुकून राहिलं असेल. नंतर विचारणं सोडलं, पण बसणं सोडलं नाही. सहाव्या वर्षी छातीत कळ येऊन तिथेच गेला. शनिवारीच.

शिपाई हात वर करून उभा होता आणि मी त्याच्या पोटाला टेप लावत होते. प्रेत न्यायला कोणी आलं नाही, तो म्हणाला. आम्ही बायकोचा पत्ता काढून माणूस पाठवला होता. तिने दार उघडलं आणि सांगितलं, तो माझा कोणी नव्हे, मी खात्री करून घेतली आहे.